मिशीवाला कमिस्सारिओ

सिनेमाला नाव काय द्यावं, याबद्दल १९७० नंतरची काही वर्षं इटलीतल्या निर्मात्यांचं एकमत झालं असावं. नाव वाचून वाटलं पाहिजे, की हा सिनेमा नसून वर्तमानपत्राकडे आलेलं वाचकाचं पत्र आहे. नमुन्यादाखल काही नावं मराठीत करून देतो. 'पोलीस आभारी आहेत' (१९७२). 'पोलीस आरोप ठेवतात, कायदा सोडून देतो' (१९७३). 'पोलीस नुसते बघत उभे' (१९७३). 'पोलीस मदत मागतात' (१९७४). 'पोलिसांचे हात बांधलेले आहेत' (१९७५). आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे 'पोलीस नागरिकांच्या सेवेला आहेत?' (१९७३). शेवटी प्रश्नचिन्ह आहे, बरं का! ही नावं ओळीनं वाचली, की एखाद्या पेन्शनराची सरकारदरबारची सबंध फाईल चाळल्यासारखं वाटतं. आधी आभार, मग तक्रार, मग स्मरणपत्र आणि शेवटी शंका.

इटालियन समीक्षकांनी या चित्रपटांना 'पोलित्सिओत्तेस्की' असं नाव ठेवलं. ठेवलं म्हणजे नावंच ठेवली. पोलिसी चित्रपटाला त्यांच्या भाषेत 'पोलित्सिएस्को' असा चांगला घरंदाज शब्द होता. त्याला मुद्दाम वाकडं शेपूट लावलं. आपण 'पोलीसकथा' न म्हणता 'पोलीसगिरी' म्हणावं, तसं. पण समीक्षकांनी नाकं मुरडली, की प्रेक्षकांच्या रांगा लांबतात हा सार्वत्रिक अनुभव आहे. तिथंही तेच झालं.

माझा या विषयातला अधिकार म्हणजे आमचा भाचा. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी 'गॉडफादर' चौथ्यांदा बघत बसलो होतो, तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे अमेरिकन माफिया झाले. आता जरा घरचे बघा." आणि त्यानं टीव्हीच्या पाठीमागे कसलीशी काडी खोचून दिली. त्या काडीत इटलीतल्या दहा वर्षांचा रक्तपात भरलेला होता. पुढचे दोन महिने आमच्या दिवाणखान्यात रोज रात्री नऊला मिलानमध्ये गोळीबार सुरू होई आणि साडेदहाला थांबे. मग आम्ही ताक पिऊन झोपत असू.

पहिला फरक लगेच लक्षात आला. गॉडफादर बागेत नातवाशी खेळतो, लेकीच्या लग्नात नाचतो, मांजर कुरवाळतो. अस्सल इटालियन चित्रपटात नातू नाही, बाग नाही आणि मांजराला तर वेळच नाही. फर्नांदो दि लेओ या दिग्दर्शकाच्या 'मिलान कॅलिबर ९' (१९७२) या चित्रपटाची सुरुवातच बघा. डॉलर्सचं एक पुडकं या हातातून त्या हातात जातं. शेवटी ते उघडतात तर आत कोरे कागद! लगेच टोळीवाले मधल्या सगळ्या हमालांना गोळा करून बडवतात, एका गुहेत बांधून घालतात आणि सुरुंग लावून उडवून देतात. अजून श्रेयनामावली संपलेली नसते. आपल्याकडे एवढ्या वेळात नायकाची आई निरांजन लावते.

मग तीन वर्षांनी उगो पियात्सा तुरुंगातून सुटतो. ते तीन लाख डॉलर यानंच लांबवले, अशी सगळ्यांची खात्री. टोळीवाले मारतात, पोलीस छळतात, आणि हा गृहस्थ दगडासारखा गप्प. गास्तोने मोस्किन नावाच्या टक्कल पडलेल्या नटानं हे काम केलंय. तुम्ही त्याला ओळखता. 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात (१९७४) पांढरा सूट घालून गल्लीत फिरणारा आणि तरुण कोर्लिओनेच्या हातून मरणारा दोन फानुच्ची तो हाच. तिथं तो दहा मिनिटांत संपतो. इथं दीड तास तो डोळ्यांची पापणीही उगाच खर्च करत नाही.

शेवट सांगून टाकतो. पन्नास वर्षांपूर्वीचा शेवट लपवून ठेवायला मी काही खजिनदार नाही. पैसे यानंच घेतलेले असतात. ज्या बाईसाठी घेतले, ती दगा देते आणि तिचा मित्र याला पाठीत गोळी घालतो. त्या वेळी रोक्को नावाचा गुंड तिथं येतो. चित्रपटभर यानं उगोला लाथाबुक्क्यांनी तुडवलेलं असतं. पण पाठीत गोळी घालणारा तो पोरगा पाहून त्याचं डोकं फिरतं. तो त्याचं मुंडकं धरून फर्निचरवर आपटतो आणि ओरडतो, की उगो पियात्सासारखा माणूस दिसला तर टोपी काढायची! शत्रूला वाहिलेली इतकी मनापासून श्रद्धांजली मी दुसरीकडे ऐकलेली नाही. श्रद्धांजलीच्या सभांना मी पुष्कळ गेलो आहे, तेव्हा हे अनुभवानं सांगतो.

हा रोक्को म्हणजे मारिओ अडॉर्फ. याचंच काम दि लेओच्या पुढच्या 'ला माला ओर्दिना' (१९७२) मध्ये मुख्य आहे. यात तो मिलानमधला एक किरकोळ दलाल. त्याला मारायला अमेरिकेहून हेन्री सिल्व्हा आणि वुडी स्ट्रोड असे दोन पगारी मारेकरी येतात. त्याची बायको आणि मुलगी भर रस्त्यात चिरडली जातात, आणि हा किरकोळ माणूस मारेकऱ्याच्या गाडीमागे पळत सुटतो. धावत्या गाडीला लोंबकळतो आणि समोरची काच चक्क कपाळानं फोडतो. आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, ती म्हणाली, "अहो, नारळ आहे का तो?" मी हसलो. पण तिसऱ्या धडकेला आम्ही दोघंही गप्प झालो होतो. ज्याला कुणी मोजलंच नव्हतं, त्या माणसाजवळ शेवटी हत्यार म्हणून डोकंच उरलं होतं.

हिनं मात्र दुसरा एक मुद्दा काढला, तो मला समीक्षकांच्या पुस्तकांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ती म्हणाली, "यांच्या सिनेमात बाई कशासाठी असते सांगू? नाचायला नाहीतर मरायला. आणि दोन्ही वेळा कॅमेरा जरा जास्तच जवळ जातो." हे खरं आहे. 'मिलान कॅलिबर ९' मध्ये बार्बरा बुशे मण्यांचे कपडे घालून नाचते (मणी मोजता येतील इतकेच आहेत) आणि शेवटी उगोच्या ठोशानं मरते. पुरुषाला निदान श्रद्धांजली मिळते. बाईसाठी कुणी टोपी काढत नाही. या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्यांनी हे कर्ज खात्यावर लिहून ठेवावं.

बाकी गमती भरपूर. कुठल्याही चित्रपटात कुठल्याही कपाटाचं दार उघडा, आत जे अँड बी व्हिस्कीची बाटली. खुनी पितो, फौजदार पितो, वकील पितो. शिवाय सगळे बोलतात ते नंतर ध्वनिमुद्रित केलेलं. सेटवर अमेरिकन नट इंग्रजीत बोलणार, इटालियन इटालियनमध्ये, आणि मागाहून सगळ्यांना एका भाषेत आणणार. त्यामुळे माणूस मेल्यावरही त्याचे ओठ एखादा शब्द बोलून घेतात. आणि मोटारी! रुजेरो देओदातोच्या १९७६ च्या एका चित्रपटात रोमच्या रस्त्यांवरून मोटरसायकलींचा भयंकर पाठलाग आहे. तो परवानगी न काढताच चित्रित केला, असं दिग्दर्शकच सांगत असे. त्यातले दोन पोलीस असे कार्यतत्पर, की गुन्हा घडायच्या आधीच गुन्हेगाराला ठार करतात. सरकारी खात्यात काम वेळेआधी झाल्याचं हे एकमेव उदाहरण असावं.

आता मिशीकडे येतो. मौरीत्सिओ मेर्ली हा या पंथाचा सर्वांत लाडका कमिस्सारिओ. कमिस्सारिओ म्हणजे आपल्याकडचा इन्स्पेक्टर समजा. सोनेरी केस, सोनेरी मिशी, निळे डोळे आणि उजव्या हाताची सणसणीत थप्पड. 'हिंसक रोम' (१९७५), 'हिंसक नेपल्स' (१९७६) असे त्याचे चित्रपट एकामागोमाग आले. म्हणजे जिल्हावार योजनाच होती! उंबेर्तो लेंत्सीच्या 'रोमा आ मानो अरमाता' (१९७६) मध्ये तो तोमास मिलियाननं रंगवलेल्या कुबड्या गुंडाला पिस्तुलाची गोळी गिळायला लावतो. तो गुंड पुढे तीच गोळी याच्यासाठी जपून ठेवतो. मधे तिचा प्रवास कसा झाला ते विचारू नका, आम्ही जेवत होतो.

मेर्ली थप्पड मारतो तेव्हा बरं वाटतं. खोटं कशाला सांगू? समोरच्या ब्लॉकमधले एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे बघायला येत. प्रत्येक थपडेला ते मांडीवर हात मारून म्हणत, "असाच पाहिजे! कोर्टबिर्ट काही नको." सोसायटीच्या पाण्याच्या बिलाबद्दल हेच गृहस्थ गेली अकरा वर्षं कोर्टात गेलेले आहेत. पण त्यांचं चुकतं असं सरळ म्हणवत नाही. त्या काळच्या इटलीतला प्रेक्षकही तिकीट काढून हेच म्हणायला जात होता. १२ डिसेंबर १९६९ ला मिलानमधल्या पियात्सा फोंताना इथल्या बँकेत बॉम्ब फुटला आणि सतरा माणसं मेली. पुढची दहा-बारा वर्षं बॉम्ब, अपहरणं, दरोडे, खून. १९७८ मध्ये तर माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांनाच पळवून नेऊन मारलं. बरं, माफिया मिलानला पोचला कसा? त्याला थोडा हातभार सरकारनंच लावला. संशयितांना गावापासून तोडायचं म्हणून १९५६ आणि १९६५ च्या कायद्यांखाली त्यांना दूर, उत्तरेकडच्या गावांत राहायला पाठवत. म्हणजे सरकारी खर्चानं बदली! बदलीच्या ठिकाणी माणूस जम बसवतो, हे सरकारला कुणीतरी सांगायला हवं होतं.

अशा वेळी माणसाला थप्पड हवी असते. प्रश्न एवढाच, की सिनेमानं ती नुसती मोजून द्यावी, की ती कुणाला लागते तेही दाखवावं? गंमत म्हणजे या लाटेला जोर दिला त्या 'पोलीस आभारी आहेत' नं पहिल्या फटक्यातच याचं उत्तर दिलं होतं. स्तेनो या टोपणनावानं आयुष्यभर विनोदी चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकानं या गंभीर चित्रपटाला मात्र स्तेफानो वांत्सिना हे आपलं खरं नाव लावलं. यातला कमिस्सारिओही गुन्हेगार सुटतात म्हणून वैतागलेला आहे. मग शहरात कुणीतरी गुन्हेगारांना परस्पर गोळ्या घालू लागतं. लोक खूश. शोध घेताघेता कळतं, की हे काम निवृत्त पोलिसांच्या एका गुप्त टोळीचं आहे आणि तिला नुसते चोर नकोत असं नाही, लोकशाहीच नको आहे. कमिस्सारिओ तिथवर पोचतो आणि त्यांच्याच हातून मरतो. पुढच्या पुष्कळ चित्रपटांनी यातला वैताग उचलला आणि शेवट तिथंच ठेवला. वांत्सिनासाहेब दुसऱ्या वर्षी पुन्हा स्तेनो झाले आणि बड स्पेन्सरला घेऊन त्यांनी 'पिएदोने' (१९७३) काढला. त्यात नेपल्सचा अगडबंब पोलीस पिस्तूल न वापरता नुसत्या ठोशांवर भागवतो. मला वाटतं, त्यांना सांगायचं ते सांगून झालं होतं.

दि लेओ मला मोठा वाटतो तो यासाठीच. त्याच्या 'मिलान कॅलिबर ९' मध्ये दोन पोलीस अधिकारी मधूनमधून वाद घालत बसतात. एक म्हणतो, ठोका. दुसरा म्हणतो, चिल्लर गुंड पकडता, पण परदेशात पैसा नेणाऱ्या बड्यांचं काय? प्रेक्षक जांभया देतात. आणि शेवटी बदली होते ती दुसऱ्याचीच. त्या चित्रपटातली सर्वांत खरी हिंसा कुठली विचाराल, तर मी ही बदली सांगेन. रक्ताचा थेंब नाही आणि माणूस संपला.

त्याच सुमाराला आपल्याकडेही 'जंजीर' (१९७३) मधला इन्स्पेक्टर खुर्चीला लाथ मारत होता आणि आपण टाळ्या वाजवत होतो. त्या लाथेचा जाब विचारायला 'अर्धसत्य' (१९८३) यावा लागला. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा. कोठडीत माणूस मारणारा वेलणकर तिथं आपल्यालाच आरशात दिसतो. इटलीत आरसा आधी आला आणि टाळ्या नंतर, एवढाच फरक.

पुढं काय झालं, ते कुठल्याच थपडेत बसणारं नाही. १९८० मध्ये पालेर्मोच्या जिओव्हान्नी फाल्कोने या न्यायाधीशानं माफियाचा तपास हाती घेतला आणि शहरातल्या बँकांकडून परकीय चलन बदलून घेतल्याच्या पावत्या मागवल्या. खोकीच्या खोकी पावत्या! त्या एकेक करून वाचल्या. पैसा कुणाकडून कुणाकडे गेला ते जुळवलं. त्यातून आणि सहकाऱ्यांच्या अशाच चिकाटीतून पालेर्मोचा तो प्रचंड खटला उभा राहिला. तुरुंगाशेजारी त्यासाठी वेगळं भक्कम न्यायालय बांधावं लागलं. फेब्रुवारी १९८६ ते डिसेंबर १९८७ तो चालला. साडेचारशेंहून अधिक आरोपी, तीनशेंहून अधिक जणांना शिक्षा. जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केल्या, आणि २३ मे १९९२ ला माफियानं हमरस्त्याखाली स्फोटकं पेरून फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन अंगरक्षकांना उडवलं. १९ जुलैला त्यांचे सहकारी पाओलो बोर्सेल्लिनो आणि पाच अंगरक्षक गेले.

मेर्लीच्या चित्रपटांत कागद म्हणजे चेष्टेचा विषय. वरिष्ठ कागद पुढे करतात आणि कमिस्सारिओ पिस्तूल घेऊन बाहेर पडतो. प्रत्यक्षात माफियाला घाम फुटला तो पावत्यांमुळे. तेहतीस वर्षं काउंटरमागे पावत्या फाडलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, ते मी लिहीत नाही.

हे मी समोरच्या गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, "असं असेल हो, पण दोन तास पावत्या वाचणाऱ्या माणसाचा सिनेमा बघणार कोण?"

मी बघेन. तिकीट काढून, पहिल्या दिवशी, पहिल्या रांगेत बसून बघेन. मध्यंतराच्या सुमाराला एखादी आल्फा रोमिओ उडवली तर तेवढी चालेल.