विचारणाऱ्याची जबाबदारी

सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावे आली. ती सारी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. १९७९च्या नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्याने जमीनधारक कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देऊ केली आणि सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले. हक्क मिळवायचा तर पुरावा हवा: जमीन कोणाच्या नावावर, मुलगा सज्ञान कधी झाला. डोंगरातली बरीचशी वहिवाट कागदावर नव्हतीच. त्यामुळे ज्यांनी गमावले त्यांनाच आपले गमावणे सिद्ध करावे लागले, आणि तेही पुन्हा पुन्हा, नव्या अधिकाऱ्यासमोर.

नंदिनी ओझा यांचे ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक या पार्श्वभूमीवर वाचायला हवे. आंदोलनातले दोन आदिवासी नेते, केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे, यांचा हा मौखिक इतिहास. ओझा स्वतः आंदोलनाच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या होत्या. येथे विस्थापित माणूस सर्वेक्षणातला आकडा राहत नाही. तो आपल्या काळाचा भाष्यकार होतो. धरणाआधीचे जगणे, निर्णय, मतभेद यांनाही जागा मिळते.

आघाताचे भान ठेवणारे संशोधन म्हणतात ते हेच. अमेरिकेतील एका शासकीय आरोग्यसंस्थेने २०१४ साली त्याची तत्त्वे मांडली. सुरक्षितता, विश्वास, निवडीचा अधिकार ही त्यांतली काही. हे शब्द परके वाटले तरी त्यांचा अर्थ आपल्याला कळतो: सांगणाऱ्याला थांबता आले पाहिजे, ‘हे लिहू नका’ म्हणता आले पाहिजे, आणि एकदा सांगितलेले दुःख दुसऱ्या फॉर्मसाठी पुन्हा उगाळावे लागू नये.

तरीही दोन आक्षेप उरतात. पहिला, दोन्ही निवेदक नेते आहेत. सभांत, न्यायालयांपुढे बोलून त्यांची कहाणी घडत गेली आहे. जो कधी बोललाच नाही, त्याच्या मौनापर्यंत ही पद्धत पोहोचेल का? दुसरा अधिक गंभीर. निवाड्याच्या व्याख्येत सज्ञान मुलगा होता, मुलगी नव्हती. या पुस्तकाचे दोन्ही निवेदकही पुरुषच. कागदाने जे वगळले, ते ऐकण्याच्या कामातही मागे पडावे, याची नोंद घ्यायला हवी.

याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डे दिली गेली. ओळख पटवण्याची कटकट संपेल, हे आश्वासन होते. पण मजुरी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाचा ठसा जेव्हा यंत्र नाकारते, तेव्हा ‘मी मीच आहे’ हे सिद्ध करण्याचा भार पुन्हा त्याच्यावरच येतो. सर्वेक्षणाचा फॉर्म काय किंवा यंत्र काय, रचनाकाराने पुरावा कोणावर लादला, हाच प्रश्न आहे.

म्हणून ध्वनिमुद्रणांचे संग्रह उभे करताना काही साध्या अटी हव्यात. मुद्रण आधी सांगणाऱ्याला त्याच्याच बोलीत ऐकवावे. परवानगी मागे घेण्याची सोय वाचता न येणाऱ्यालाही वापरता यावी. आणि पुढच्या खंडाची सुरुवात, ज्यांना कोणी अजून विचारलेलेच नाही, अशा नर्मदाकाठच्या बायांपासून व्हावी. ओझांच्या पुस्तकाने वाट घालून दिली आहे. ती तिथवर नेणे आता बाकीच्यांचे काम आहे.