पोटातली चौदा इंजेक्शने

कुत्र्यांविषयीचे गैरसमज दूर करणारे तक्ते अनेक ठिकाणी पाहायला मिळतात. डावीकडे ‘गैरसमज’, उजवीकडे ‘वस्तुस्थिती’. नाक कोरडे म्हणजे कुत्रा आजारी, लसूण चारला की जंत पडतात, कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने. सारे एकाखाली एक. आमची तक्रार या मांडणीबद्दल आहे. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचेही नाक कोरडे असते. तो समज बाळगून फारसे बिघडत नाही. लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय होऊ शकतो. चौदा इंजेक्शनांच्या समजापायी मात्र माणूस दगावू शकतो. तक्त्यात तिघांच्या वाट्याला एकेकच ओळ!

शिवाय हा समज मुळात खोटा नव्हताच. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे मेंढीच्या मेंदूपासून रेबीजची लस बनवली. तिची मात्रा मोठी, म्हणून पोटाच्या कातडीखाली, रोज एक याप्रमाणे बरेच दिवस टोचावी लागे. क्वचित तिच्यामुळे लकवाही होई. भारतात ही लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. आज पेशीसंवर्धनातून तयार केलेली लस दंडात, चार-पाच भेटींत देतात. म्हणजे आजी सांगते ते तिच्या काळी खरेच होते. हे न सांगता नुसते ‘चूक’ म्हटले, तर मूल आजीवरच विश्वास ठेवते आणि चावल्याचे घरी लपवते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

‘कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा’ या नियमाचेही असेच झाले आहे. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो आणि लक्षणे दिसल्यावर कुत्रा थोड्याच दिवसांत मरतो. म्हणून दहा दिवसांनी तो धडधाकट असेल, तर चावताना लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते. पण नियम आहे तो लस सुरू करून वाट पाहण्याचा. लोकांच्या लक्षात राहिली ती फक्त वाट! विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे जातो. चेहऱ्यावर चावा असेल तर वाट जवळची, आणि लहान मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाशी येणारी.

‘पाणी प्यायला, म्हणजे पिसाळलेला नाही’ हेही ऐकू येते. पाण्याची ती भीती माणसात दिसते. कुत्र्यात ती दिसेलच असे नाही.

पाळणाऱ्यांसाठी थोडेसे. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर लस द्यावी, पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा. पण लस दिलेला घरचा कुत्रा चावला तरी जखम डॉक्टरांना दाखवावीच. खोल किंवा रक्त आलेल्या चाव्यात लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्येही टोचावी लागतात.

चुना, हळद, मिरचीपूड नको. साबण आणि वाहते पाणी, पंधरा मिनिटे. या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, ते साबणाने मोडते. वर्गात तेलकट हात आधी नुसत्या पाण्याने आणि मग साबणाने धुऊन पाहता येईल. घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवायला सांगा. पाचव्या मिनिटालाच मुले विचारतील, ‘बाई, झालं का?’