इ. स. १७८० चें चौकडीचें राजकारण : प्रचलित मताची छाननी

पुणें, हैदराबाद, श्रीरंगपट्टण आणि नागपूर या चार शेजारी दरबारांनीं इ. स. १७७९-८० मध्यें इंग्रजांविरुद्ध एक मसलत उभी केली आणि ती तीन वर्षांच्या आंत विसकटली, ही हकीकत अभ्यासकांस सुपरिचित आहे. ती कां विसकटली, या प्रश्नाचें उत्तरही आतां ठरीव झालें आहे. निजामअल्ली दगलबाज, मुधोजी भोसले द्रव्यलोभी, महादजी शिंदे आपमतलबी, आणि हैदर तेवढा रणांगणांत एकटा उरला, असें हें उत्तर. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या ग्रंथापासून आजच्या शाळकरी पुस्तकापर्यंत या विवेचनाचा भर व्यक्तींच्या गुणावगुणांवर आहे. प्रस्तुत लेखांत या मताची छाननी करावयाची आहे. व्यक्तींचे दोष नव्हते असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या दोषांस वाट कोणी करून दिली, हें कागद पाहिल्यावांचून ठरत नाहीं, आणि कागद निराळी साक्ष देतात असें आमचें मत आहे.

प्रथम चौघांस एकत्र आणणारीं कारणें पाहूं. पुण्याच्या कारभाऱ्यांस राघोबादादांचें निमित्त करून मुंबईकर इंग्रज राज्यांत हात घालतात, ही तक्रार होती. पुरंदरचा १७७६ चा तह आणि जानेवारी १७७९ चा वडगांवचा करार हे दोन्ही कंपनीनें पाळले नव्हते. हैदराची तक्रार जुनी होती. १७६९ च्या मद्रासच्या तहांत परस्परांच्या मदतीचें कलम असतां, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या स्वारींत इंग्रजांनीं त्यास मदत दिली नाहीं. शिवाय मार्च १७७९ मध्यें त्याच्या आश्रयाखालचें माहे बंदर त्यांनीं फ्रेंचांकडून घेतलें. निजामास गुंटूरचें दुःख होतें. मद्रासकरांनीं त्याच्या संमतीवांचून त्याचा भाऊ बसालतजंग याच्याशीं परभारें बोलणें करून तो प्रांत १७७९ त आपल्याकडे घेतला व पुढें अर्काटच्या नबाबाच्या हवालीं केला. नागपूरकरांस बंगालची चौथाई हवी होती. १७५१ च्या तहानें ठरलेले वर्षाचे बारा लक्ष रुपये, कंपनीनें दिवाणी मिळविल्यापासून थकले होते.

या चार तक्रारींत एक गोष्ट सहज लक्षांत येते. शत्रु चौघांचा एक, पण दुखणें प्रत्येकाचें वेगळें. गुंटूर परत मिळाल्यानें पुण्याचें कांहीं साधत नव्हतें. राघोबादादा पुण्याच्या हातीं आल्यानें हैदराचें कांहीं बिघडत वा सुधारत नव्हतें. उलट शेजाऱ्यांचे आपापसांतील तंटे ताजे होते. १७७४ नंतरच्या धामधुमींत हैदरानें कृष्णेपर्यंतचा मराठी मुलूख दाबला होता. म्हणून या मसलतीचें पहिलें काम पुणें व श्रीरंगपट्टण यांचा सलूख करणें हेंच होतें. तो मुलूख हैदराकडे राहूं द्यावा, त्यानें ठराविक खंडणी द्यावी आणि इंग्रजांवर फौज न्यावी, असें १७८० च्या आरंभीं ठरलें. नानांनीं यांत मोठी किंमत मोजली, हें कबूल केलें पाहिजे.

कामाची वांटणीही चांगली होती. हैदरानें कर्नाटकांत उतरावें, निजामानें उत्तर सरकार प्रांतावर चालून जावें, नागपूरच्या फौजेनें बंगाल्याच्या तोंडावर जावें, आणि शिंदे-होळकरांसह पुणेंकरांनीं गुजराथ-कोंकण सांभाळावें, अशी ही योजना. नकाशावर पाहतां कंपनीच्या तिन्ही इलाख्यांस एकाच वेळीं कोंडी पडावयास हवी होती. प्रत्यक्षांत काय झालें तें तारखा सांगतात. चिमणाजी भोसल्याची सुमारें तीस हजार फौज १७७९ च्या दसऱ्यास नागपुराहून निघाली ती कटकास पोंचली मे १७८० मध्यें. तोंपर्यंत गॉडर्डनें फेब्रुवारींत अहमदाबाद घेतलें होतें. हैदर कर्नाटकांत उतरला जुलैंत. १० सप्टेंबर रोजीं पोलिलूर येथें त्यानें बेलीच्या पलटणी बुडविल्या. त्याच सुमारास माळव्याच्या तोंडावरचा ग्वाल्हेरचा किल्ला पॉफॅमनें ऑगस्टांत घेतला होता, आणि डिसेंबरांत वसई गेली. निजामाची फौज सरकार प्रांतांत उतरलीच नाहीं. चौघांचा घाव एका महिन्यांत पडावा अशी तजवीज कोठें दिसत नाहीं. एकाचा जय दुसऱ्याच्या पराजयाशीं जोडला गेला नाहीं.

आतां दगलबाजीच्या आरोपांकडे वळूं. निजामास इंग्रजांनीं फोडलें असें म्हणतात. वस्तुतः हेस्टिंग्जनें मद्रासकरांचा निर्णय फिरवून गुंटूर परत देण्याचें मान्य केलें, आणि निजामाचें कारणच संपलें. ज्या तक्रारीसाठीं तो मसलतींत आला ती मिटल्यावरही त्यानें लढावें, असें त्यास बांधणारें काय होतें? मुधोजी भोसल्याविषयींही हेंच. कटकास बसलेल्या फौजेच्या रोजमुऱ्याचा बोजा एकट्या नागपुरावर होता; तो सोसण्यास पुणें, हैदराबाद वा श्रीरंगपट्टण येथून ठरीव रक्कम यावी असें बंधन नव्हतें. हेस्टिंग्जनें ती उणीव ओळखली, लाखों रुपये पुढें केले, आणि १७८१ त कर्नल पिअर्सच्या पलटणी भोसल्यांच्याच कटक प्रांतांतून बिनदिक्कत मद्रासेकडे गेल्या. ज्या फौजेनें बंगाल अडवावयाचा तिच्या समोरून बंगालची कुमक हैदरावर गेली! लोभ खरा, पण लोभास जागा मोकळी ठेवली होती हेंही तितकेंच खरें.

महादजींचें प्रकरण अधिक नाजूक आहे. ग्वाल्हेर गेल्यावर लढाई त्यांच्या घरांत आली. माळव्यांत इंग्रजी फौज उतरली असतां दक्षिणेंतील दोस्तांनीं त्यांस काय द्यावयाचें, याचें कलम नव्हतें. त्यांनीं १३ ऑक्टोबर १७८१ रोजीं कर्नल म्यूरशीं स्वतंत्र ठराव केला व पुढील तहाची मध्यस्थी पतकरली. येथें नानांच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. हैदरास वगळून सलूख करावयाचा नाहीं, असें ते इंग्रजांस वारंवार कळवीत होते. म्हणजे पुणें-श्रीरंगपट्टण या दोघांत इमान होतें, आणि नाना तें मानीत होते. परंतु तें इमान दोघांपुरतें. निजाम हैदरास त्यानें बांधला गेला नव्हता, भोसलेही नव्हते. चौघांनीं चौघांस द्यावयाचें वचन दोघांदोघांच्या बोलण्यांत वांटलें गेलें, आणि वकिलांच्या तोंडीं निरोपांवर टिकून राहिलें. बेलभंडार आणि कुराण यांची शपथ माणसास माणसाशीं बांधते. तिनें दरबार दरबाराशीं बांधला जातोच असें नाहीं.

याचा परिणाम सालबाईच्या तहांत उघडा पडतो. १७ मे १७८२ रोजीं ठरलेल्या या सतरा कलमी तहांत पेशव्यांच्या बाजूचे दोस्त म्हणून निजाम, भोसले यांच्याबरोबर हैदराचें नांव आहे. आणि त्याच तहांत, हैदरानें इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख सहा महिन्यांत सोडावा, असेंही आहे. एकाच कागदांत एकच मनुष्य दोस्तही आहे आणि दंडास पात्रही आहे. आणि त्या कागदावर त्याचा शिक्का नाहीं. नानांनीं या तहावर पुण्याची मान्यता २० डिसेंबर १७८२ पर्यंत दिली नाहीं. हैदर ७ डिसेंबर रोजीं चित्तूरनजीक छावणींत वारला होता. या तेरा दिवसांवरून नानांच्या धूर्तपणाचें वर्णन करण्याची चाल आहे. आम्हांस त्यांत एक दुसरीही गोष्ट दिसते. हैदर जिवंत असतां वचन होतें; हैदर गेला आणि वचनही गेलें. राज्य तेंच, फौज तीच, इंग्रजांशीं लढाई तीच. टिपू मार्च १७८४ पर्यंत एकटाच लढत राहिला. जें वचन एका मनुष्याच्या आयुष्यापुरतें आहे त्यावर मुलखाची सुरक्षितता उभी राहत नाहीं.

या मताची कसोटी दहा वर्षांनीं आपोआप लागली. १ जून १७९० रोजीं पुण्यास व ४ जुलै रोजीं निजामाशीं पानगल येथें इंग्रजांनीं टिपूविरुद्ध तह केले. त्यांतील कलमें अ‍ॅचिसनच्या संग्रहांत वाचावींत. कोणी किती फौज आणावी, जिंकलेला मुलूख तिघांनीं समान कसा वांटावा, सलूख करणें झाल्यास तो सर्वांच्या संमतीनें करावा, आणि सलुखानंतर टिपूनें एकावर चढाई केल्यास बाकीच्यांनीं त्याच्या पारिपत्यास मिळावें, हें सर्व कलमवार लिहिलेलें आहे. चौकडींतील चारांपैकीं दोन दरबार तेच, कारभारी नानाच, निजामही निजामअल्लीच. ज्यांच्या स्वभावावर १७८० चें अपयश लादलें जातें तींच माणसें १७९२ च्या मार्चपर्यंत एकत्र राहिलीं. टिपूचा अर्धा मुलूख आणि तीन कोटि तीस लक्ष रुपये दंड तिघांनीं वांटून घेतला. स्वभाव बदलला नव्हता. करारनाम्याची रचना बदलली होती.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लेखी कलमांनींच सर्व साधतें तर १७९५ च्या मार्चांत खर्ड्यावर मराठे आणि निजाम एकमेकांसमोर कां उभे राहिले, व इंग्रज बाजूला राहून पाहत कां बसले? उत्तर असें कीं, १७९० चा करारही एका शत्रूपुरता होता. टिपूपासून रक्षणाचें कलम होतें. दोस्तांनीं एकमेकांवर उठूं नये असें नव्हतें, आणि तशी हमी कॉर्नवॉलिसनें पुढें सुचविली असतां पुणें दरबारानें ती स्वीकारली नाहीं. पुढें १७९८ त निजाम तैनाती फौजेखालीं गेला, १७९९ त टिपू पडला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस पेशव्यांनींही तोच मार्ग पतकरला. म्हणजे कागद सर्वसमर्थ नाहीं. परंतु कागदांत जें लिहिलें तेवढें टिकलें, आणि जें लिहिलें नाहीं त्याच भेगेंतून परकी सत्ता आंत आली. शेजाऱ्यांची जूट शत्रूच्या भयानें जमते. ती टिकते तंटा तोडण्याच्या, खर्च वांटण्याच्या आणि सलूख करण्याच्या ठरलेल्या रीतीनें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पटवर्धनी दफ्तरांतून वासुदेवशास्त्री खरे यांनीं जें धन बाहेर काढलें त्यामुळें या काळाचीं पत्रें आपल्यासमोर आलीं. पत्रांत मनोगतें असतात, रुसवेफुगवे असतात. तीं वाचून माणसें डोळ्यांसमोर उभीं राहतात, आणि म्हणूनच आपला निकालही माणसांवरच जाऊन पडतो. करारांच्या यादी, कच्चे मसुदे, कलमांवरील शेरे, वकिलांच्या खर्चाचे हिशेब, असे निरस कागद रुमालाच्या तळाशीं राहतात व पुष्कळदां वाळवीच्या स्वाधीन होतात. ज्यांच्या घरीं वकिलांचीं दफ्तरें आहेत त्यांनीं असा एखादा फाटका बंद हातीं आला तर तो क्षुल्लक समजूं नये. कोणतें कलम लिहिलें, कोणतें खोडलें आणि कोणतें लिहिलेंच नाहीं, हें ज्या दिवशीं आपण मसुद्यांवरून मांडूं, त्या दिवशीं चौकडीच्या अपयशाचा दोष चार माणसांत वांटण्याची गरज उरणार नाहीं.