चाकांची खुर्ची आणि मराठी मालिका

दूरचित्रवाणीवरील मराठी मालिकेंत चाकांची खुर्ची दिसली कीं चाणाक्ष प्रेक्षक एकच विचारतो: हा उठून चालूं लागणार केव्हां? बहुधा तें सोंग ठरतें, नाहीं तर नवसानें पाय येतात. २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. मालिकांना मात्र ही खुर्ची आणि एक काळा चष्मा पुरतो. याउलट १९९१ सालच्या 'चौकट राजा' या चित्रपटांतील दिलीप प्रभावळकरांचा नंदू शेवटपर्यंत बरा होत नाहीं. बदलावें लागतें तें भोंवतालच्या माणसांना. म्हणूनच तो दयेचा विषय न राहतां शेजारी होतो. वर्षानुवर्षें चालणाऱ्या मालिकेला तर हा शेजार रंगविण्यास केवढा अवकाश! पण ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर उभारलेल्या तिच्या वाड्यांत खुर्चीला साधा उंबरठाही आडवा येत नाहीं. तेथून कांहीं मैलांवर, डोंबिवली स्थानकांत, गर्दीच्या वेळीं अपंगांसाठीं राखलेल्या डब्यांत धडधाकट माणसें शिरतात, आणि ज्याच्यासाठीं तो डबा, तो फलाटावरच राहतो. असा एक प्रसंग आम्हांस अद्याप एकाही मालिकेंत आढळलेला नाहीं.