लेखनिकाचा प्रमाद आणि संपादकाचा दोष

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिक वाचकाची क्षमा मागतो. समोर होते तसे उतरविले, शुद्धाशुद्धाचा दोष आपल्या माथी मारू नये, असा त्या विनवणीचा आशय असतो. अभ्यासक तिला रूढ संकेत समजून पुढे जातात. वस्तुतः तीत क्षमेची अटच सांगितलेली आहे: चूक झाली असेल, पण बुद्ध्या बदल केलेला नाही.

लिंबागणेशसारख्या गावी पोथी वाचणाऱ्याची जीभ अडखळली तर श्रोते ते मनावर घेत नाहीत. पोथी समोर असते, ओवी पुन्हा वाचता येते. लेखनिकाच्या अनवधानाचेही असेच आहे. गळलेले अक्षर किंवा सारख्या शब्दांवरून नजर घसरल्याने सुटलेला चरण आपली खूण मागे ठेवतो. यमक ढळते, अन्वय तुटतो; दुसऱ्या प्रतीशी ताडून मूळ पाठाकडे परतता येते. याउलट जाणता लेखनिक दुर्बोध जुने रूप काढून सुबोध रूप घालतो, तेव्हा ओवी कोठेच खटकत नाही. हेतू शुद्ध असला तरी हा दोष अधिक गंभीर मानला पाहिजे.

शके 1506 (इ.स. 1584) मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती अपपाठांनी व्यथित होऊनच. त्यांनी त्यागलेले पाठ कोणते, हे आज कळत नाही. परंतु पाठभेद नोंदविण्याची शिस्त ज्या काळाला ठाऊक नव्हती, त्या काळाकडे तिची मागणी करणे अनैतिहासिक ठरेल.

वि. का. राजवाडे यांच्याबाबतीत ही सवलत चालत नाही. त्याच बीड परिसरात, पाटांगणावर मिळालेल्या पोथीवरून त्यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरी छापली. पोथी एकनाथपूर्व असल्याचा त्यांचा आग्रह होता. तिच्या प्राचीनतेविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. त्या मताचा विषाद नको, मत खोडता येते. पण मूळ पोथी नंतरच्या अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. एखादे विलक्षण रूप ग्रंथाचे, लेखनिकाच्या हाताचे, की राजवाड्यांच्या वाचनाचे, याचा निर्णय त्यामुळे अशक्य झाला. आणि कागदपत्रांचे मोल ज्याने उभ्या महाराष्ट्राला शिकविले, त्या संशोधकाच्या संपादनाची ही गत व्हावी! 1960 मध्ये शासनाने राजवाडे संहिता प्रसिद्ध केली. तिच्यावरील पाठचर्चा छापील अक्षरांपाशीच अडते.