प्रसूती, छप्पर आणि साक्ष : दास्याविषयीच्या स्त्रीलेखनाचे एक वाचन

प्रास्ताविक

गुलामगिरी आणि तिचे निर्मूलन या विषयाची मराठीतील चर्चा सहसा महात्मा जोतीराव फुले यांच्या 1873 मधील 'गुलामगिरी' या ग्रंथापासून सुरू होते. हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलेला आहे. त्यामुळे शूद्रातिशूद्रांचे दास्य आणि अमेरिकेतील मळ्यांवरचे दास्य यांचे नाते मराठी वाचकाच्या मनात पक्के झाले, हे खरेच आहे. परंतु त्याच्या 18 वर्षे आधी, फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'च्या 15 फेब्रुवारी व 1 मार्च 1855 च्या अंकांत प्रसिद्ध झाला होता. आपल्या समीक्षेत या निबंधाचा उल्लेख पुष्कळ होतो, वाचन मात्र क्वचित होते. फुल्यांच्या शैक्षणिक कार्याचा पुरावा म्हणून तो दाखवला जातो आणि पुढचे पान उलटले जाते. प्रस्तुत लेखिकेनेही आपल्या एम.फिल.च्या प्रबंधात मुक्ताबाईंना एका तळटीपेत बसवले होते, हे येथे कबूल केलेले बरे.

हा निबंध दास्याविषयीच्या स्त्रियांच्या प्रत्यक्ष लेखनाशेजारी ठेवून वाचल्यास काय दिसते, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. जातीचे दास्य आणि मळ्यावरचे दास्य एकच नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. मळ्यावरचा गुलाम ही मालकाची खरेदी-विक्रीयोग्य मालमत्ता होती. महार-मांगांवर अशी कायदेशीर मालकी कोणा एकाची नव्हती, सबंध गावाचाच हक्क होता. तुलना येथे व्यवस्थांची नसून साक्षींची आहे.

बाळंतपणाचे दिवस

फॅनी केंबल ही इंग्रज अभिनेत्री. तिचा अमेरिकन पती पिअर्स बटलर जॉर्जियातील भात व कापसाच्या मळ्यांचा वारसदार होता. 1838-39 चा हिवाळा तिने त्या मळ्यांवर काढला. तेव्हाची रोजनिशी प्रसिद्ध झाली ती मात्र 1863 मध्ये, अमेरिकन यादवी ऐन भरात असताना. या रोजनिशीतील सर्वांत बोलका भाग गुलाम स्त्रियांच्या गाऱ्हाण्यांचा आहे. बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी त्यांना शेतात कामावर हजर व्हावे लागे. ती मुदत एक महिन्याची करावी, एवढीच त्यांची विनंती. कुणाला किती मुले झाली, किती दगावली, किती गर्भ गळाले, याची यादीच केंबलने नोंदवली आहे. पुढे अशी गाऱ्हाणी आपल्यापर्यंत आणू नयेत, असे पतीने तिला बजावले. केंबलची सहानुभूती खरी आहे, तिची नजरही तीक्ष्ण आहे. पण ती मालकिणीच्या खोलीत बसून लिहिते, आणि गाऱ्हाणे तिच्या दारापर्यंत चालत येते.

आता मुक्ताबाईंकडे वळू. त्यांच्या निबंधातही बाळंतपणाचा उल्लेख आहे. महार-मांगांच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे हाल होतात आणि त्यातून काही दुखणे जडले तर वैद्याला पैसे कोठून द्यायचे, असा त्यांचा रोकडा प्रश्न आहे. केंबल दिवस मोजते, तर मुक्ताबाई छपराकडे बोट दाखवतात. केंबलला प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र नोंद करावी लागते, कारण ती बाहेरची आहे. मुक्ताबाई कुणाचेच नाव घेत नाहीत. आपल्या घरातल्याच बायकांविषयी लिहिणाऱ्या मुलीला नावांची यादी कशाला हवी? दास्य म्हणजे केवळ श्रमाची लूट नव्हे, बाईच्या शरीराला उसंत नाकारणे हाही त्याचाच भाग आहे, ही जाण दोन्ही लेखनांत आहे. दास्याविषयीच्या तत्कालीन पुरुषलेखनात तिला इतके मध्यवर्ती स्थान सहसा मिळत नाही.

मुक्ताबाईंची तर्कपद्धती हा या निबंधाचा दुसरा विशेष. वेद फक्त ब्राह्मणांचेच असतील तर आम्हाला धर्मग्रंथच नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित ठरतो, मग आमचा धर्म कोणता हे देवानेच सांगावे, असा तो युक्तिवाद आहे. प्रतिपक्षाचेच विधान स्वीकारून त्याला अखेरच्या टोकापर्यंत नेणे ही मुरलेल्या वादपटूची रीत होय, भाबड्या बालनिबंधाची नव्हे. शिवाय ही मुलगी स्वकीयांनाही सोडत नाही. उच्चवर्णीयांचा सोवळेपणा काही महारांनीही उचलला आणि ते मांगांचा विटाळ मानू लागले, हेही ती नोंदवते. आपल्या गौरवपर लेखांतून हा भाग बहुधा गाळला जातो. तो गाळला की निबंधाची धारच जाते.

संपादकाचा हात

दासस्त्रीच्या लेखनाला नेहमीच कुणाचे तरी बोट धरून वाचकांपुढे यावे लागले आहे. बर्म्युडात गुलामीत जन्मलेल्या मेरी प्रिन्सचे निवेदन 1831 मध्ये लंडनला छापले गेले. ते सुझाना स्ट्रिकलंडने उतरवून घेतले आणि गुलामगिरीविरोधी संस्थेचे चिटणीस टॉमस प्रिंगल यांनी संपादित केले. तिच्या अंगावरील वळ खरे आहेत, असे सांगणारे एका गोऱ्या स्त्रीचे पत्र पुढील आवृत्तीला जोडावे लागले. हॅरिएट जेकब्सचे आत्मकथन 1861 मध्ये टोपणनावाने आले, संपादक म्हणून नाव लिडिया मारिया चाइल्ड यांचे. मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावर सुमारे सात वर्षे दडून राहिलेल्या या स्त्रीने हे स्वतः लिहिले असेल, यावर अभ्यासकांचा दीर्घकाळ विश्वास बसला नाही. 1980 च्या दशकात जीन फेगन येलिन यांनी पत्रव्यवहाराच्या आधारे तिचे लेखकत्व सिद्ध केले.

मुक्ताबाईंच्या लेखकत्वाविषयी अशी शंका उघडपणे घेतली जात नाही. परंतु 'फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी' या ओळखीतच निबंधाचे सारे श्रेय शाळेकडे जाते, हा संशयाचाच एक सभ्य प्रकार आहे. निबंधातील इंग्रजी राज्याची स्तुतीही या संदर्भात वाचावी लागते. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे नियतकालिक. ज्या देशातून हे मिशनरी आले, तेथे 1860 च्या शिरगणतीत 39 लाखांहून अधिक माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली. त्यांच्या पत्रात एक मांग मुलगी आपल्या समाजाचे दुःख मांडत होती! ही विसंगती त्या वेळी कुणाला जाणवली असेल काय?

तो देश डोळ्यांनी पाहून मराठीत लिहिणारी स्त्री पुढे पंडिता रमाबाईंच्या रूपाने लाभली. त्या मार्च 1886 मध्ये अमेरिकेत गेल्या आणि 1889 मध्ये त्यांचे त्या देशाच्या लोकस्थितीविषयीचे पुस्तक मुंबईत निघाले. तेथील स्त्रियांची चळवळ गुलामगिरीविरोधी आंदोलनाच्या कुशीत वाढली, हे त्यांनी ओळखले आणि मुक्तीनंतरही उरलेला वर्णभेद त्यांच्या नजरेतून सुटला नाही. मात्र रमाबाईंना दास्याच्या रूपकातून मुख्यतः स्त्रीजातीची स्थिती सांगायची आहे. मुक्ताबाईंच्या निबंधात ते रूपक नाही, वस्तुस्थिती आहे. मराठी समीक्षेने रमाबाईंच्या पुस्तकाला ग्रंथाचा मान दिला आणि मुक्ताबाईंच्या निबंधाला दस्तऐवजाचा. या दोन शब्दांतील अंतर वाङ्मयीन गुणवत्तेने पडलेले नाही.

आपल्याकडील अलिखित

चंद्रपूर-गडचिरोलीच्या परिसरात हा प्रश्न अधिक अवघड होतो. येथे जमीनदाऱ्या होत्या, जंगलखाते होते आणि दोघांच्याही कामी बेगार होती. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने बेगारीस मनाई केली, 1950 च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने जमीनदारी हक्क संपुष्टात आणले, 1976 मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. निर्मूलनाचे कागद आहेत, पण बेगार केलेल्या बाईच्या हातचा कागद शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. उषाकिरण आत्राम यांच्यासारख्या कवयित्रींनी गोंडी स्त्रीचा स्वर लिखित साहित्यात आणला, तो पुढच्या पिढीचा. डॉ. राणी बंग यांच्या 'कानोसा'त गडचिरोलीच्या स्त्रिया आपल्या शरीराविषयी बोलतात, पण तेथेही लेखणी ऐकणारीची आहे. 'प्रत्यक्ष लेखन' हाच निकष धरला तर लिपीपासून वंचित ठेवलेली स्त्री साक्षीदारांच्या यादीतूनच बाद होते. मेरी प्रिन्सलाही मग वगळावे लागेल.

मुक्ताबाईंचा निबंध वर्गात शिकवल्यानंतर अहेरीकडील एका विद्यार्थिनीने आपल्या आजीचे बोलणे दोन पानांवर उतरवून आणले. आजी गोंडीत बोलली, नातीने ते मराठीत लिहिले, आणि आजी सांगत होती ते तिच्या सासूचे. ओली बाळंतीण असताना मूल पाठीशी बांधून ती बेगारीच्या कामावर गेली होती. किती दिवसांची बाळंतीण, हे आजीला सांगता आले नाही. पाऊस लागलेला होता, एवढे तिच्या लक्षात होते. विद्यार्थिनीने ती पाने 'शुद्ध' करून मागितली. मी लाल शाईचे पेन उघडले, पहिल्या ओळीतील दोन शब्द दुरुस्त केले आणि मग ती दुरुस्ती खोडून पाने तशीच परत दिली.