धावते वर्णन

मराठी समीक्षेने नाटक सोडले नाही, कविता सोडली नाही, लावणीलाही आडवे-उभे तपासले. पण जो प्रकार पाच-पाच दिवस सलग चालतो आणि ज्याच्यासाठी माणसांनी पानपट्टीपुढे उभे राहून पायांना गोळे आणले, त्या क्रिकेटच्या समालोचनाकडे कुठल्या समीक्षकाने ढुंकून पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. ही उणीव एका परभणीकराने भरून काढावी यात नवल ते काय? 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही उगीच म्हणत नाही. ('बनी तो बनी, नहीं तो परभणी' असेही आमच्याविषयी म्हणतात, पण ते म्हणणारे बाहेरचे.)

आधी नावाचेच बघू. आमच्या पोरवयात आकाशवाणीवर 'धावते वर्णन' लागायचे. शब्द कसा चोख आहे! चेंडूमागे बोलणाऱ्यानेही पळायचे आणि पळता पळता काय दिसते ते सांगायचे. पुढे कधीतरी त्याचे 'समालोचन' झाले. त्यातून वर्णन गेले आणि आलोचन आले. धावणे तर केव्हाच बंद पडले. बॉबी तल्यारखान म्हणे दिवसभर एकटे बोलत आणि माइकवर दुसरा माणूस बसवू देत नसत. आता चौघे बसतात, त्यांतले तिघे चौथ्याच्या जुन्या खेळ्यांची आठवण काढतात, आणि तेवढ्यात मैदानावर कोणीतरी बाद होतो.

मराठीत हे काम बाळ ज. पंडितांनी केले. २०१५ साली ते गेले, पण 'पायचीत', 'त्रिफळाचीत', 'यष्टिचीत' हे शब्द आमच्या कानांत अजून त्यांच्या आवाजासकट बसलेले आहेत. मोंढ्यातल्या हॉटेलात रेडिओ असे आणि एका चहावर आम्ही चौघे-पाचजण चहापानापर्यंत तग धरत असू. मालक हाकलत नसे, कारण तोही ऐकत असे. ऐकून आम्हाला मैदान दिसायचे. परभणीत बसून ब्रेबर्न स्टेडियमचा कोपरान् कोपरा आम्हाला ठाऊक होता. पुढे प्रत्यक्ष पाहिले तेव्हा ते जरा लहान वाटले.

२०२३ साली आयपीएलचे मराठी समालोचन मोबाइलवर आले. त्यात केदार जाधव होता. ऐन हंगामात त्याला बंगळुरूच्या संघाने बोलावले आणि तो माइक ठेवून खेळायला गेला. धावत्या वर्णनातला माणूस खरोखरच धावायला गेला, ही गोष्ट मला फार आवडली. बाकी भाषा कोणतीही असो, आजच्या समालोचनाचे दुखणे एकच आहे. 'काय शॉट आहे बघा!' असे तो म्हणतो. कसला शॉट, कुठे गेला, कोण पळाला हे तो सांगत नाही, कारण आपण बघतोच आहोत अशी त्याची पक्की खात्री असते.

आमच्या नानाला ही खात्री लागू पडत नाही. काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. तालुक्याच्या संघात तो नवा चेंडू टाकायचा. त्याचा चेंडू कुठे पडेल हे पूर्वी फलंदाजाला कळत नसे, यष्टिरक्षकालाही नसे. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादला भारत-इंग्लंड कसोटी लागली. २६ जानेवारी शुक्रवारी आल्यामुळे सलग सुट्टी होती (आम्ही सगळे निवृत्त, तरी सुट्टी बघूनच निघायची सवय). नानाने फोन केला, "मला बी न्या." त्याचा मुलगा समजावू लागला, "बाबा, दिसत नाही तर तिथं जाऊन काय करणार? घरीच टीव्ही लावून देतो."

"टीव्हीत तरी मला काय दिसायलंय?" नाना म्हणाला. यावर मुलाकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते, म्हणून त्याला घेतले.

शेठची गाडी, शेठचा ड्रायव्हर. शिवाय वकील, मास्तर, नाना आणि मी. मास्तर निवृत्त असूनही आपल्या शाळेचे झेंडावंदन आटोपल्याशिवाय हलला नाही. मग वसमत रोडने नांदेड, देगलूर, संगारेड्डी असे साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. हुरड्याचे दिवस होते, त्यामुळे पहिला तास तोंडे भरलेली. वकिलाने मोबाइलवर हिंदी समालोचन लावले. अख्खे एक षटक हैदराबादच्या बिर्याणीवर गेले. नाना मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बिर्याणीत बॉल सापडला का त्यांना?" मग रेंज गेली आणि तो विषय मिटला.

उप्पलच्या स्टेडियममध्ये शनिवारी बसलो तेव्हा नवीनच घोटाळा कळला. मोबाइलवरचे समालोचन मैदानापेक्षा मागे चालते. आधी हजारो माणसे ओरडत, आणि मग नानाच्या कानातल्या यंत्रात गोलंदाज नुकता धावायला निघे. नानाने दोन्ही बोंडे काढून खिशात टाकली. "तुम्हीच सांगा आता," म्हणाला. अशा रीतीने आमच्यावर वाङ्मयीन जबाबदारी आली.

पहिला मान वकिलाचा. त्याची शैली वादप्रधान. ओली पोप ११० वर असताना अक्षर पटेलच्या हातून त्याचा झेल सुटला. वकिलाने क्षेत्ररक्षकाची जबाबदारी, सुटलेल्या झेलाचे पुढचे परिणाम, पूर्वीचे दाखले, सगळे मांडले. नानाने शांतपणे विचारले, "अरे, पण बॉल उडाला कुठं होता?" तो मुद्दा वकिलाच्या टिपणात नव्हता.

मास्तरची शैली शुद्ध. इंग्रजी शब्द वापरणार नाही आणि वाक्य अर्धवट सोडणार नाही. पोप त्या दिवशी फिरकीला मनसोक्त उलटे झाडत होता. 'रिव्हर्स स्वीप'ला मास्तरने 'प्रतिलोम झाडूफटका' असा प्रतिशब्द काढला, त्याची फोड सांगितली, आणि तोवर पुढचे दोन चेंडू होऊन गेले. "मास्तर, तू कालचा पेपर वाचायलास," नाना म्हणाला. मग माझी पाळी आली. मी वातावरणनिर्मिती केली. नाना काहीच बोलला नाही. समीक्षकाचे मौन म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला बरोबर कळते.

राहिला शेठ. शेठला क्रिकेटचे अंगच नाही; 'स्लिप'ला तो 'मागची रांग' म्हणतो. पण चाळीस वर्षे त्याने मोंढ्यात हराशी पुकारली आहे. माल काय, बोली कुणाची, किती, पुढे कोण सरकला हे एका दमात, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे सांगणे हा त्याचा धंदा. त्याने आधी मैदान मांडले. "नाना, ऐक. आपली परभणी समज. बॅटवाला उभा पाथरीच्या टोकाला. बॉल येतोय वसमतकडनं. बॅटवाल्याच्या डाव्या हाताला जिंतूर, उजव्या हाताला गंगाखेड. कळलं?"

"चालू कर," नाना म्हणाला.

इथे मला टीकाकार म्हणून थोडे थांबायला हवे. पंडितांच्या वर्णनात आम्हाला मैदान दिसे, कारण कोण कुठे उभा आहे हे आधी पक्के होई आणि मग चेंडू सुटे. शेठने नेमके तेच केले. फक्त पॉइंट, कव्हर ही परकी गावे उठवून तिथे नानाच्या पायाखालची गावे बसवली. तो उपमा देत नव्हता, मते देत नव्हता. "हार्टली आला. टाकला. आखूड. मागं सरून मारला. जिंतूर नाका, दोन माणसांच्या मधनं. पळाले. एक. थांबले." षटक संपले की सारा जिल्हा उलटा करावा लागे, तोही त्याने एकदाही चुकवला नाही. डावखुरा आला की म्हणे, "डावरा आलाय. जिंतूरची माणसं गंगाखेडला चालली." पुढच्या रांगेतली दोन तेलुगू पोरे मागे वळून वळून बघत होती. त्यांना बिचाऱ्यांना धावफलकावर गंगाखेड कुठे सापडेना.

रविवारी पोप १९६ वर बुमराहला उलटा फटका मारायला जाऊन त्रिफळाचीत झाला. आपल्याला जिंकायला २३१ हव्या होत्या. टॉम हार्टलीची ही पहिलीच कसोटी. पदार्पणाच्या पहिल्याच चेंडूवर जयस्वालने त्याला षटकार मारला होता, म्हणून वकिलाने त्याला आधीच निकालात काढले होते. तोच आता एकामागून एक गडी काढू लागला. आणि मग जडेजा धावचीत झाला. सारे स्टेडियम एकदम चूप. वकील चूप, मास्तर चूप. नाना ताठ बसला.

"कोण गेला ते मला कळलंय," तो म्हणाला. "बॉल कसा आला, ते सांगा."

शेठने घसा खाकरला. "रूटचा बॉल. जडेजानं ढकलला, पालमच्या बाजूला. पळत सुटला. स्टोक्स तिकडंच होता. आला, उचलला, आणि वळलाच न्हाई रे, उलट्या हातानं तसाच मागं फेकला. वसमतच्या दांड्या गेल्या."

नानाचा उजवा हात मांडीवरून उठला. उलटा झाला. मनगटातून एक झटका दिला आणि पुन्हा मांडीवर आला. तो फेकीचा चाहता होता, कोणत्या देशाची हा प्रश्न त्याला नव्हता. "भारी," तो म्हणाला.

शेवटी अश्विन आणि भरतने आशा लावली. मग बुमराह-सिराजने आणखी थोडी लावली, आणि वाढवलेल्या वेळात सिराजला पुढे सरसावून मारण्याची बुद्धी झाली. शेठ उभाच राहिला. "सिराज पाथरी सोडून निघाला. मानवतपर्यंत आला. बॉल चुकला. फोक्सनं दांड्या उडवल्या. गेला... एक, दोन, तीन!" हराशी बंद. २०२ सर्वबाद, हार्टली बासष्ट धावांत सात, आणि आपण २८ धावांनी हरलो. मास्तर अगदी हळू 'यष्टिचीत' म्हणाला, ते कुणी ऐकले नाही.

रात्रीच परत निघालो. देगलूरला चहा झाला. गाडीत बसल्यावर वकिलाने दिवसभराच्या खेळाची क्षणचित्रे मोबाइलवर लावली. तोच आवाज, तेच 'बघा, बघा'. नाना खिडकीला डोके टेकून पडला होता.

"बंद कर ते," तो म्हणाला. "माझी मॅच बघून झालीय."

वकिलाने बंद केले, पण नरसी येईपर्यंत तो त्यावर अपील करीत होता.